सौंदर्यप्रसाधनांच्या साइटवर पर्सनलायझेशनचं काम करायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घर डिचोलीला, फर्मागुडीहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, सध्या पणजीत पाटोवर सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. आता सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीने ‘वेबसाइट ऑप्टिमायझेशन आणि पर्सनलायझेशन’ (म्हणजे साइट सुधारत नेणं आणि ग्राहकागणिक ती वेगळी दाखवणं) अशा पदाची ऑफर दिली आहे, मुलाखतीची एक फेरी उरली आहे आणि काम घरूनच करायचं आहे. हे नुसतं बटणांचे रंग बदलण्याचं काम आहे की त्यात शिकण्यासारखं काही आहे, गोव्यात बसून ते नीट जमेल का, आणि एआयच्या दिवसांत ते टिकेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी म्हापशात राहून बरीच वर्षं हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या कामाचा गाभा मला एका वाक्यात सांगता येतो. ग्राहकाबद्दल कंपनीने मनाशी बांधलेले अंदाज शोधून काढायचे, जमेल तिथे ते बाजूला ठेवून सरळ ग्राहकालाच विचारायचं, आणि जिथे विचारणं शक्य नाही तिथे आपला अंदाज खरा ठरला का ते प्रामाणिकपणे मोजायचं. कपडे किंवा मोबाइल विकणाऱ्या साइटवरही हे लागतंच. पण सौंदर्यप्रसाधनांत चुकीच्या अंदाजाची किंमत फार मोठी असते. मापात न बसलेला कुर्ता परत घेता येतो, उघडलेली फाउंडेशनची बाटली बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, घेतली तरी ती दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पैसे ग्राहकाचे गेले किंवा कंपनीचे गेले, पण गेले. आणि आपल्या चेहऱ्यावर न शोभलेला रंग माणूस लवकर विसरत नाही.

एका पानाचं उदाहरण घेऊन सांगते, म्हणजे काम कळेल. फाउंडेशनचं पान मोबाइलवर उघडा. वर फोटो, खाली किंमत, आणि मग वीस-पंचवीस छोटे गोल, प्रत्येक गोल म्हणजे एक शेड. नावं ‘हनी’, ‘सँड’, ‘कॅरमल’ अशी. नखाएवढ्या त्या गोलांमधला फरक फोनच्या पडद्यावर, त्यातही उन्हात, कुणालाच दिसत नाही. आता सेशन रेकॉर्डिंग बघा, म्हणजे ग्राहकाने पानावर कुठे बोट फिरवलं याचं चित्रण. तेच तेच दिसतं: बाई दोन-तीन गोलांवर टिचकी मारते, फोटो मोठा करते, मग तडक खाली रिव्ह्यूंमध्ये जाते आणि खऱ्या ग्राहकांनी टाकलेले चेहऱ्याचे, मनगटाचे फोटो शोधत बसते. मग साइट सोडून जाते. कधी तासाभराने परत येते, बहुधा कुठलातरी व्हिडिओ बघून. कधी येतच नाही.

हे पाहून नवखा माणूस म्हणतो, ‘खरेदी करा’ बटण मोठं करूया. पण तिला बटण सापडलेलं आहे, अडलंय ते रंगापाशी. अशा पानावर सगळ्यात उपयोगी पडतो तो एक साधा प्रश्न: ‘सध्या कुठल्या ब्रँडची कुठली शेड वापरता? ती फिकी पडते, गडद वाटते की बरोबर बसते?’ उत्तर मिळालं की शेडच्या तक्त्यावरून जुळणारी शेड सुचवता येते. आधी काहीच वापरत नसेल तर सावळ्या, गव्हाळ, गोऱ्या अशा प्रत्येक छटेच्या चार-पाच खऱ्या चेहऱ्यांचे, दिवसाच्या उजेडात घेतलेले फोटो दाखवून ‘यातलं तुमच्या सगळ्यात जवळचं कोण?’ असं विचारायचं. कॅमेऱ्याने चेहरा वाचून शेड सांगणारी साधनं आहेत आणि ती सुधारतही आहेत. पण ट्यूबलाइटखाली घेतलेला सेल्फी आणि खिडकीजवळचा सेल्फी यांत त्यांचं उत्तर बदलतं, म्हणून मी त्यांना दुसऱ्या नंबरवर ठेवते.

इथे थोडी पार्श्वभूमी माहीत असलेली बरी. त्वचेच्या वर्गीकरणाची फिट्झपॅट्रिक पट्टी 1975 ची, तिचे प्रकार 6. ती बनली होती उन्हाने त्वचा भाजते की काळवंडते हे ठरवण्यासाठी, मेकअपची शेड निवडण्यासाठी नव्हे. गडद वर्णाच्या माणसांना ती फार ढोबळ पडते. गूगलने 2022 मध्ये हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची 10 छटांची पट्टी सगळ्यांसाठी खुली केली, ती पुष्कळ बरी आहे. तरीही तिच्यात त्वचेचा अंडरटोन, म्हणजे वर्णाखालची झाक, येत नाही. आपल्याकडे तर फसगत नेमकी तिथेच होते. तेवढ्याच सावळ्या दोन बहिणींपैकी एकीला पिवळसर झाक लागते, दुसरीला लालसर.

आता अशा बदलाचं यश कशावर मोजायचं? ‘कार्टमध्ये टाका’ वर किती टिचक्या पडल्या यावर मोजलं तर तुम्ही फसाल, कारण चुकीची शेड आत्मविश्वासाने सुचवली तरी टिचक्या वाढतातच. मी दोन गोष्टी बघते. शेड जुळली नाही अशा तक्रारी कमी झाल्या का, आणि काही महिन्यांनी ग्राहकाने तीच शेड पुन्हा मागवली का. ‘शेड बरोबर होती’ याचा दुसऱ्या खरेदीइतका पक्का पुरावा माझ्या पाहण्यात नाही. त्यासाठी थांबावं लागतं आणि मॅनेजरला थांबायचं नसतं. त्यांना थांबायला राजी करणं हाही कामाचाच भाग आहे.

गोव्याचं सांगते, कारण हे तुम्हाला बंगळूर-मुंबईच्या सहकाऱ्यांपेक्षा लवकर कळेल आणि ते तुमच्या पथ्यावर पडेल.

टेलिकॉमच्या हिशोबात गोवा स्वतंत्र सर्कल नाही, तो महाराष्ट्र सर्कलमध्ये धरला जातो. त्यामुळे गोव्यातल्या साखळी गावात बसून मोबाइल डेटावर साइट उघडणारी बाई कंपनीच्या रिपोर्टमध्ये पुष्कळदा पुण्याची किंवा मुंबईची म्हणून दिसते. आयपी पत्त्यावरून गाव ओळखण्याच्या पद्धतीची ही मर्यादा आहे. परिणाम काय होतो बघा. डिसेंबरात पुण्याची हवा कोरडी आणि थंड, म्हणून ‘पुणे’ या सेगमेंटला, म्हणजे ग्राहकगटाला, घट्ट कोल्ड क्रीम आणि लिप बामचा बॅनर लावलेला असतो. तो आपल्याकडच्या ग्राहकालाही दिसतो, जिला भर डिसेंबरात दुपारी घाम येतो आणि जेल मॉइश्चरायझर हवं असतं. पुढचं अधिक वाईट. वर ‘उद्या घरपोच’ असं लिहिलेलं असतं, कारण गोदाम पुण्याजवळ आहे. ती सगळं निवडून चेकआउटपर्यंत जाते, 403 ने सुरू होणारा पिनकोड टाकते आणि तिथे चार-पाच दिवस दाखवतात. तिथे तिचा जो विश्वास जातो, तो कुठल्याही कूपनने भरून निघत नाही.

यावर उपाय अगदी साधा आहे. पिनकोड सुरुवातीलाच, उत्पादनाच्या पानावरच विचारा आणि लक्षात ठेवा. तिने स्वतः सांगितलेले सहा आकडे आयपीवरून काढलेल्या शंभर निष्कर्षांपेक्षा भरवशाचे. वर त्याने आणखी एक गुंता सुटतो. हंगामात कळंगुट-बागाच्या हॉटेलांतल्या वाय-फायवरून सनस्क्रीन मागवणारे पर्यटक असतात. ते दिल्लीला परतल्यावरही साइट त्यांना महिनोन् महिने समुद्रकिनाऱ्याच्या वस्तू दाखवत राहते. पत्ता हॉटेलचा आहे की घराचा, एवढं विचारलं की पुरतं.

सणांचंही तसंच. मुख्यालयात बसलेल्या माणसाच्या कॅलेंडरवर दिवाळी ठळक असते. आपल्याकडे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तितकीच मोठी, कदाचित जास्तच, आणि माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या) खरेदीच्या धांदलीत नवी साडी, कुंकू, काजळ हेही येतं. हिंदू घरांतली लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, ख्रिस्ती घरांत लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या) दिवसांत लग्न ठेवत नाहीत. ‘वधूसाठी खास’ मोहीम सगळ्या देशाला एकाच आठवड्यात पाठवणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. मात्र याचा अर्थ आडनावावरून धर्म ताडून ऑफर लावायची असा मुळीच नव्हे. ते मी कुणाला करू देत नाही. ‘घरात लग्न आहे का, कधी?’ हा प्रश्न विचारता येतो आणि लोक आनंदाने उत्तर देतात.

तुम्हाला वाटेल, मग गोव्यासाठी वेगळा सेगमेंट करून वेगळी टेस्ट चालवावी, म्हणजे अर्ध्यांना जुनं पान आणि अर्ध्यांना नवं दाखवून तुलना करावी. इथे गणित आडवं येतं. समजा साइटवर येणाऱ्या 100 जणांपैकी 2 जण खरेदी करतात आणि तुमच्या बदलाने ते प्रमाण 2 वरून 2.2 टक्क्यांवर जाईल अशी तुमची अपेक्षा आहे. हा फरक नशिबाचा खेळ नाही असं नेहमीच्या 95 टक्के खात्रीने म्हणायचं, आणि फरक खरा असेल तर तो पाचातल्या चार वेळा तरी सापडावा असं वाटत असेल, तर प्रत्येक बाजूला साधारण 80,000 माणसं लागतात. दोन बाजू मिळून 1 लाख 60 हजार. 2011 च्या जनगणनेत सगळ्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, पाळण्यातल्या बाळांसकट. म्हणजे एका साइटला फक्त गोव्यावर टेस्ट चालवून काही सिद्ध होईपर्यंत हंगाम उलटून जाईल. म्हणून मी हवेप्रमाणे गट करते: मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, कारवार, मंगळूर, कोची अशी सगळी दमट किनारपट्टी एकत्र. चेहऱ्याच्या दृष्टीने साखळीची बाई पुण्यापेक्षा मंगळुरूच्या बाईला जवळची आहे. राज्यांच्या सीमा त्वचेला कळत नाहीत, हे सेगमेंट आखणाऱ्याने कायम लक्षात ठेवावं.

टेस्टबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या तुम्हाला टेस्टिंगची सवय असल्यामुळे लवकर पटतील.

रोज सकाळी आकडे उघडून बघायचे आणि नवी बाजू पुढे दिसली की टेस्ट थांबवून विजय जाहीर करायचा, हा सगळ्यात फैलावलेला रोग आहे. 95 टक्क्यांची खात्री एकदाच, ठरलेल्या दिवशी बघण्यासाठी असते. रोज डोकावलात तर काहीच फरक नसतानाही कुठल्यातरी दिवशी फरक दिसण्याची शक्यता खूप वाढते. किती माणसं, किती आठवडे आणि यश कशाला म्हणायचं, हे टेस्ट सुरू करण्याआधी लिहून काढा आणि टीमला पाठवून ठेवा. पूर्ण आठवडेच धरा, कारण रविवारचा ग्राहक आणि मंगळवारचा ग्राहक सारखे नसतात.

‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना करून पाठ थोपटणारे भेटतील, त्यांच्यापासून सावध राहा. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे नवे दर लागू झाले, शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात कुणी केसांच्या विभागाचं पान नव्याने मांडलं असेल आणि विक्री वाढली असेल, तर श्रेय मांडणीचं की कराचं? दोन्ही पानं एकाच वेळी, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दाखवली असती तरच ते कळलं असतं.

आणि पर्सनलायझेशनचं सगळं मिळून काही भलं होतंय का, हे कळण्यासाठी थोड्या ग्राहकांना कायम त्याच्याबाहेर ठेवावं लागतं. याला होल्डआउट म्हणतात. प्रत्येक सुट्या टेस्टमध्ये जिंकलेल्या बदलांची बेरीज केली तर विक्री गगनाला भिडायला हवी असते, होल्डआउट गटाशी तुलना केली की खरी वाढ किती ते दिसतं. बहुतेक कल्पना चालत नाहीत, हे आधीच स्वीकारा. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनेही आपल्या प्रयोगांबद्दल सांगितलंय की साधारण एक तृतीयांश फायद्याचे ठरतात, एक तृतीयांशांनी काही फरक पडत नाही आणि उरलेले नुकसान करतात.

आता शिफारशी, म्हणजे ‘तुमच्यासाठी निवडलेलं’ ही पट्टी. इथे अंदाजांचा सुळसुळाट असतो. आपल्याकडे एक फोन घरात तिघी वापरतात. आईचं हेअर कलर, मुलीचं पिंपल्सचं जेल आणि सुनेचं काजळ एकाच खात्यावर येतं आणि यंत्र त्यांची मिळून एक अस्तित्वातच नसलेली बाई तयार करतं. सावईवेऱ्याकडचा एखादा नाट्यवेडा माणूस जत्रेच्या नाटकासाठी मेकअपचा पॅनकेक, स्पंज आणि पावडर घाऊक मागवतो, पुढचे सहा महिने साइट त्याला ब्रायडल किट दाखवत बसते. भाऊबीजेची भेट घेणाऱ्या भावाचंही तेच. ‘हे कुणासाठी घेताय: स्वतःसाठी, घरातल्या कुणासाठी, भेट म्हणून?’ हा एक प्रश्न चेकआउटला टाकायचा आणि भेट असेल तर ती खरेदी शिफारशींच्या हिशोबातून वगळायची.

शिफारशींत मला सगळ्यात जास्त मोल वाटतं ते वेळेवर आठवण करून देण्याचं. फेसवॉश दीड-दोन महिन्यांत संपतो, कॉम्पॅक्ट जास्त पुरतो, मस्कारा उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा असं सांगतात. डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि ‘6 एम’ किंवा ‘12 एम’ असं छापलेलं असतं, ते उघडल्यानंतर किती महिने चालेल त्याचं. या मुदतीनुसार एक साधा संदेश, ‘संपत आला असेल तर इथे’, गेला की ग्राहकाला ती मदत वाटते. म्हापशाच्या बाजारात ओळखीचा दुकानदार ‘तुमचं तेल संपलं असणार’ म्हणतो, तेव्हा आपल्याला पाळत ठेवल्यासारखं वाटत नाही. काल बघितलेली लिपस्टिक आज सात ठिकाणी दिसली की मात्र वाटतं.

हा फरक कुठे पडतो याचा विचार तुम्ही रोज करायचा आहे. ‘गर्भारपणात चालणारी उत्पादनं’ असा फिल्टर एखादीने लावला, तर त्या शोधापुरतं तिला चोख उत्तर द्या. ते होमपेजवर आणू नका, ईमेलच्या विषयात तर नाहीच. तिने घरात अजून सांगितलंही नसेल आणि फोन सासूच्या हातात असेल. मुरुमं, केसगळती, चेहऱ्यावरचे केस, डाग यांचंही तेच. आणि गोरेपणाचं आमिष: सावळी शेड निवडणाऱ्या ग्राहकाला उजळपणाची क्रीम सुचवणारा नियम कुठल्याही यंत्रणेत सापडला तर तो काढून टाकण्यासाठी भांडा. विक्रीच्या आकड्यांनी तो टिकवायचा प्रयत्न होईल. तरीही भांडा.

कायदाही आता तुमच्या बाजूने आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा. त्यात 18 वर्षांखालच्यांना मूल धरलंय, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं व त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करणं याला मनाई आहे. लिपग्लॉस घेणाऱ्या पुष्कळ मुली त्या वयातल्याच असतात, त्यामुळे हा प्रश्न वकिलांवर सोडून चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत 13 प्रकार नावानिशी दिले आहेत. ‘फक्त 2 उरले’ असं खोटं सांगणं, कार्टमध्ये न विचारता वस्तू टाकणं, ‘नको, मला सुंदर दिसायचं नाही’ असं नकाराच्या बटणावर लिहून लाजवणं, हे सगळं त्यात येतं. कुणी असली टेस्ट सुचवली तर त्या यादीवर बोट ठेवायचं.

वेगाचं थोडक्यात. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उडू नये, असे गूगलचे निकष आहेत. पर्सनलायझेशन याच्या आड येतं: आधी सर्वांचा बॅनर दिसतो, मग झपकन बदलून तुमचा येतो, आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. सत्तरी-सांग्याकडच्या रेंजवर, पावसात, हे फार जाणवतं. शक्य ते बदल सर्व्हरवरच करून पाठवायचा आग्रह धरा.

एआयबद्दल. मजकुराचे वीस नमुने पाडणं, ग्राहकांचे गट पाडणं, शिफारशींचं मॉडेल चालवणं ही कामं यंत्र करतं आणि अधिकाधिक करेल. पण वीस नमुने एकदम तपासले, तर त्यातला एखादा निव्वळ योगायोगानेही जिंकू शकतो. नमुने वाढले की निवाडा करणाऱ्याची गरज वाढते. चवथीची धांदल, एका फोनवरच्या तिघी, 403 चा पिनकोड यांच्याबद्दल प्रश्न विचारावा हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. शिकायचं म्हणाल तर एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं करा, संख्याशास्त्राचा पाया घाला, एचटीएमएल-जावास्क्रिप्ट वाचता येऊ द्या. साधनांत जीव अडकवू नका. गूगल ऑप्टिमाइझवर कित्येकांनी करिअर बांधलं होतं, ते 30 सप्टेंबर 2023 ला बंद झालं.

ऑफर घ्या असंच मी म्हणेन, पण मुलाखतीच्या पुढच्या फेरीत तीन गोष्टी विचारून. गेल्या वर्षी कुठली टेस्ट हरली आणि त्यानंतर काय केलं? होल्डआउट गट ठेवता का? आणि टेस्ट थांबवायचा निर्णय कोण घेतं, आकडे बघणारा की मोहीम चालवणारा? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर तिथे फक्त जिंकल्याचे रिपोर्ट बनवले जातात असं समजा. घरून काम करणार आहात, म्हणून कस्टमर केअरचे कॉल ऐकण्याची परवानगी पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. ऑफिसातल्या लोकांना जे कानावर पडतं ते तुम्हाला मुद्दाम ऐकावं लागेल, आणि मराठी, कोंकणी, हिंदीतले कॉल तुम्हाला थेट कळतात ही तुमची जमेची बाजू आहे.

त्या फेरीला जाण्याआधी एवढं करा. त्यांची साइट तुमच्या स्वतःच्या फोनवर नको, आईच्या फोनवर उघडा, वाय-फाय बंद करून. तिला तिच्यासाठी काहीतरी शोधायला सांगा, काजळ म्हणा, केसांचं तेल म्हणा, आणि मध्ये बोलू नका. ती शोधाच्या चौकटीत काय स्पेलिंग टाकते, कुठे थांबते, पिनकोड टाकल्यावर काय दिसतं, ते सगळं कागदावर उतरवा. तो कागद घेऊन मुलाखतीला बसा.